आचलच्या हातचं रिटर्न

खुशालराव पाचशे रुपये मोजून दुसऱ्याकडून इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून घेताहेत, हे मूर्तिजापुरात कोणाला सांगितलं असतं तर त्याने थट्टाच समजली असती. सिंचन खात्यातून रिटायर झालेला हा हेडक्लार्क नोकरीत असल्यापासून आपलं रिटर्न आपल्या घरी भरायचा, आणि पैसे देऊन भरणाऱ्यांची चारचौघांत फिरकी घ्यायचा. आज मात्र ते अकोल्याला अनुप सीएच्या ऑफिसात मान खाली घालून बसले होते. शेजारी त्यांची बायको इंदूबाई, मांडीवर कागदांची पिशवी.

पिशवी कपाटातून निघाली तशी उचलून आणली होती. कोणता कागद लागतो, कोणता नाही, हे निवडत बसायचं बळ दोघांतही नव्हतं. एकुलती एक लेक, आचल, पौषात गेली होती. एकतीस वर्षांची.

अनुप वयाने लहान, पण कामाला चलाख. पेन्शनचा कागद, बँकेचा कागद, विम्याच्या पावत्या त्याने भराभर वेगळ्या केल्या. मग एक लॅमिनेट केलेला कागद हातात आला आणि तो थांबला. सरकारी दवाखान्याचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र होतं. आचलचं नाव, जन्मापासून दोन्ही पाय आणि उजवा हात, ऐंशी टक्के.

"काका, याची सूट घेत होता ना तुम्ही?"

अनुपने मागच्या बारा वर्षांची रिटर्नं उघडून पाहिली. एकातही ती सूट नव्हती. घरात असं माणूस सांभाळणाऱ्याला सव्वा लाखाच्या कमाईवर टॅक्स लागत नाही, त्यासाठी फक्त एक रकाना भरावा लागतो, हे त्याने नीट समजावून सांगितलं. तो रकाना बारा वर्षं कोरा राहिला, म्हणजे अडीच-तीन लाख रुपये फुकटचे गेले. मागचं तर आता काही मिळायचं नाही. त्याला मनापासून वाईट वाटलं. पहिल्यापासून एखाद्या जाणकाराला पाचशे रुपये दिले असते तर, असंही तो बोलून गेला.

इंदूबाईंना टॅक्समधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तीन लाख कळले. आचलसाठी बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची ऐंशी हजारांना येत होती. दर दिवाळीला त्या विषय काढायच्या आणि दर दिवाळीला खुशालराव म्हणायचे, पुढच्या वर्षी पाहू. तोवर वाढलेल्या पोरीला दोन हातांवर उचलून मोरीत न्यायचं आणि परत आणायचं, हे इंदूबाईंनीच केलं. त्यात त्यांची कंबर गेली.

"तुमाले मालूम नव्हतं काय हे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"मालूम होतं."

चार माणसांत नवऱ्याला कधी उलट बोलल्या नव्हत्या त्या. त्या दिवशी बोलल्या, आणि अनुप समोर बसला आहे याचीही पर्वा केली नाही. पोरगी अपंग आहे हे सरकारला सांगायची लाज वाटत होती का, असं विचारलं. साऱ्या गावाला दिसत होतं ते, मग सरकारपासून काय लपवायचं होतं?

खुशालरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग टेबलाकडे पाहत म्हणाले,

"बारा वर्षं फॉर्म आचलच भरे ना. मी सांगो अन् ते डाव्या हातानं टाइप करे. तिलेच कसं सांगू, का बाई, आता इथं लिव्ह, मी अपंग आहो, बापाच्या जिवावर आहो?"

"मंग या साहेबाकडं यायचं होतं. तिले कायले दिसलं असतं?"

"अन् तिनं काय करावं मंग? वर्षातून तेवढं एकच तं काम होतं तिच्यापाशी."

ते खोटं नव्हतं. जुलै लागला की आचल बापाच्या मागे हात धुऊन लागायची. हा कागद आणा, तो कागद कुठे ठेवला, हा आकडा जुळत नाही. बाप चुकला की त्याला चांगलं झापायची, आणि हेडक्लार्क मुकाट ऐकून घ्यायचा. दोन रविवार ते काम पुरायचं. त्या दोन रविवारी घरी आलेलं कोणीही तिला बिचारी म्हणत नसे. इंदूबाईंनीच तर तेव्हा दोघांना चहा नेऊन दिला होता, वर्षानुवर्षं.

अनुपने या वर्षाचा फॉर्म समोर घेतला. मग जपून म्हणाला की ताई पौषापर्यंत होत्या, तेव्हा या वर्षाची सूट नियमाने मिळते. तेवीस हजार परत येतील. भरू का?

"भरून टाका साहेब," खुशालराव म्हणाले. "आता वाचाले कोन आहे."

अनुपने तो रकाना उघडला आणि नंबर पाहण्यासाठी प्रमाणपत्राकडे हात नेला. त्याआधीच इंदूबाईंनी ते उचलून घेतलं.

"नोका भरू."

"काकू, हक्काचे पैसे आहेत तुमचे. तेवीस हजार येतात."

"तेच तं," इंदूबाई म्हणाल्या. "पैसे आले का मले खुर्चीच घ्यावी वाटन. अन् तिच्यात बसवू कोनाले?"