भिंतीला टेकलेला वाफा

कथबर्टने गॅरेजच्या भिंतीवर आदल्या दिवशी चिकटवलेला प्लास्टिकचा तुकडा नखाने सोलला. पुढची बाजू कोरडी ठणठणीत. मागची ओलीचिंब. म्हणजे ओल हवेतली नव्हती, भिंतीतूनच येत होती.

न्यूमोनियाने खंगलेल्या त्याच्या बायकोला, डोरीनला, आता जिना झेपणार नव्हता. इस्पितळातून ती महिनाअखेर सुटणार होती, पण घरी खालच्या मजल्यावर कोरडी, उबदार खोली असेल तरच. नाहीतर वृद्धाश्रम. खोली व्हायला हे गॅरेज तेवढं होतं. भिंतींना आतून लावायचे फोमचे तक्ते दाराशी येऊन पडले होते.

"लाव की तसेच," शेजारचा विल्फ म्हणाला. "आधी प्लास्टिक, वर तक्ते, वर रंग. कुणाच्या बापाला कळतंय?"

"तिच्या छातीला कळेल."

कथबर्ट भिंतीच्या बाहेरच्या अंगाला गेला आणि कपाळावर हात मारून घेतला. विटांच्या खालच्या थरात ओल अडवणारा काळा पट्टा असतो, तो पार मातीखाली गेला होता. गाडणारा तो स्वतःच. ऊन छान लागतं म्हणून याच भिंतीला टेकून त्याने लीकचा वाफा केला होता आणि दर वर्षी खतमाती घालून चढवत नेला होता. लीक म्हणजे कांद्याच्या भावकीतली भाजी, पण त्याची मनगटाहून जाड, क्लबाच्या प्रदर्शनात बक्षिसाची ढाल आणणारी. इंग्लंडातल्या ड्युरमचे कथबर्टसारखे खाणकामगार बायकोपेक्षा लीकला जपतात, असं तिथल्या बायका म्हणतात. खोटं नाही म्हणत.

कथबर्टने फावडं उचललं.

"अरे वेड्या, प्रदर्शन तोंडावर आलंय!" विल्फ ओरडला. "तेवढं होऊ दे, मग काढ."

"मग भिंत वाळणार कधी?"

"यंदा ढाल तुझीच होती रे. कुंपणावरून रोज बघतोय मी."

"आता तू घे. आणि ती ढकलगाडी आण इकडे."

पहिलं लीक मुळासकट वर आलं, तेव्हा विल्फने तोंड फिरवलं. कथबर्टने फिरवलं नाही. अर्धा वाफा मोकळा झाला असताना खिशातला फोन वाजला. डोरीन होती.

"काय करतोयस?"

"लीक उपटतोय."

डोरीनने धापा टाकतच विचारलं,

"प्रदर्शनाआधी? कथबर्ट, खरं सांग मला. कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही गं. तू येतेयस."