एकवीस पावलं

“मिस वीब, जरा थांबता का?” ट्रूडी काउंटरमागून म्हणाली.

बारा वर्षं ट्रूडी तिला नुसतं लेनोर म्हणत आली होती. लेनोर काठी टेकून थांबली. तिच्यामागे रांग थांबली. मंगळवारच्या पाण्यातल्या व्यायामाच्या सात-आठ बायका, सगळ्या साठीच्या पुढच्या, बुटांवर बर्फ, खांद्याला पिशव्या. आठाला पाच मिनिटं कमी होती.

ट्रूडीच्या डोक्यावर भिंतीला राज्याच्या शिक्क्याचा नवा कागद लावलेला होता. सरकारी इमारतींतली स्वच्छतागृहं आणि कपडे बदलायच्या खोल्या ज्याने त्याने जन्मदाखल्यावरच्या लिंगाप्रमाणे वापरायच्या, एक तारखेपासून. गावचा पोहण्याचा तलाव नगरपालिकेचा, म्हणजे सरकारी. लेनोरच्या दाखल्यावर सत्तर वर्षांपूर्वी ‘मुलगा’ लिहिलं गेलं होतं. एकतीस वर्षं ती बाई म्हणून जगत होती, आणि गावात हे ठाऊक नसलेलं कुणी नव्हतं.

“वाचलंय मी ते,” लेनोर म्हणाली. तिने ओव्हरकोटाची वरची दोन बटणं काढून आतला निळा पोहण्याचा पोशाख दाखवला. “घरूनच घालून आलेय. अंघोळही करून आलेय. मला तिथे काही बदलायचं नाही, बसायचं नाही. फक्त खोलीतून पलीकडे पाण्यापर्यंत जायचंय. एकवीस पावलं आहेत. मोजलीत मी.”

“एक टाकलं तरी तेच आहे.”

“मग दुसरी वाट दे.”

ट्रूडीने पुरुषांच्या दाराकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. तलाव बांधणाऱ्यांनी पाण्याकडे जायला दोनच वाटा ठेवल्या होत्या, आणि दोन्ही कपडे बदलायच्या खोल्यांमधूनच जात.

“तिकडून?” रांगेतून ओपल कडाडली. “अगं, तिकडे तो डेल बाकावर उघडाबंब बसून पायांना पावडर चोळत असतो. मी चाळीस वर्षं नर्स होते, तरी मला झेपायचं नाही ते!”

बायका हसल्या. लेनोरही हसली. क्षणभर नेहमीचा मंगळवार असल्यासारखं वाटलं.

ओपल पुढे आली. अठ्ठ्याहत्तरची, एक खांदा न उचलणारी. चांगल्या हाताने तिने लेनोरचं मनगट धरलं. “चल गं तू. बघू कोण अडवतंय. आणि माझ्या पोशाखाचे पाठीवरचे बंद कोण लावणार, गव्हर्नर?”

तिने ओढलं. लेनोरने एक पाऊल टाकलंही. पाण्यात तिला काठी लागत नसे. आठवड्यातले दोन तास ती सरळ उभी राहून चालायची, आणि आठवडाभरात कुणाशी बोलणं व्हायचं तेही तेवढ्यातच.

ट्रूडी काउंटर सोडून बाहेर आली. तिचे डोळे लाल झाले होते. “ओपल, ऐका माझं. नियम मोडला तर दंड हिला नाही, गावाला आहे. काल नगरपालिकेची बैठक झाली. एक जरी तक्रार आली तरी तलावाला कुलूप लावायचं ठरलंय. पाणी गरम ठेवायचा खर्च त्यांना आधीच जड झालाय. निमित्तच हवंय त्यांना.”

“तक्रार करणार कोण? आपल्यातली?” ओपलने वळून रांगेकडे पाहिलं.

रांगेतली बेव आपल्या पिशवीची चेन लावत होती, उघडत होती, पुन्हा लावत होती. दुसरा तलाव पासष्ट मैलांवर होता, आणि त्यांच्यातल्या निम्म्या जणींनी गाडी चालवणं सोडलं होतं.

मनगटावरची पकड सैल होताना लेनोरला कळली. आधी करंगळी, मग बाकीची बोटं. हात अजून तिथेच होता, पण आता तो नुसता ठेवलेला होता. ओपलला स्वतःला ते कळलं नसावं. लेनोरने तो हात हलकेच उचलून बाजूला केला, ओपलला तो काढून घ्यावा लागू नये म्हणून.

“जा तुम्ही. आठ वाजले,” ती म्हणाली.

“तुझ्याशिवाय आम्ही नाही जाणार,” मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या तिथेच उभ्या राहिल्या. आतून व्यायामाचं संगीत सुरू झालं.

“माझे बंद...” ओपल पुटपुटली.

“मी लावते,” ट्रूडी म्हणाली.

मग त्या निघाल्या. जाताना एकीने लेनोरचा दंड दाबला, एकीने गालाला गाल लावला. मयताच्या घरून निघताना करतात तसं. बेव मान खाली घालून गेली. शेवटी ओपल, आणि तिला आधार देत ट्रूडी.

काउंटरवर आता कुणी नव्हतं. बायकांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. लेनोर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने कोटाची दोन्ही बटणं लावली आणि ती तलावाकडच्या मोठ्या काचेपाशी जाऊन उभी राहिली.

आत त्या पाण्यात उतरल्या होत्या. शिकवणारीने दोन्ही हात पसरून दाखवले. सगळ्यांनी एकमेकींचे हात धरून फेर धरला. ओपल आणि बेव यांच्यामध्ये एका माणसाची जागा उरली. ओपलचा हात पाण्यावर तसाच पसरलेला होता. शिकवणारी काहीतरी म्हणाली. काचेबाहेर ते ऐकू आलं नाही.

सगळ्या थोड्या थोड्या सरकल्या. बेवने ओपलचा हात धरला, आणि फेर फिरू लागला.