पान लागलं

आरोग्यकेंद्रात डॉक्टरांच्या जागी भिंतीतलं यंत्र आलं, तेव्हापासून द्वारकाबाईंना त्याचा संशयच होता.

"ह्यांच्या पायाला पान लागलंय," नवऱ्याला सावरत त्या म्हणाल्या.

"कोणतं पान? खाज येते का?" यंत्राने विचारलं.

"खाज कसली, मेल्या? डोळे उघडेनात त्यांचे."

"पाय साबणाने धुवा. ॲलर्जीची गोळी देतो."

पूर्वीचे नाडकर्णी डॉक्टर 'पान' ऐकताच भरल्या ताटावरून उठायचे. कोकणात सापाचं नाव तोंडाने घेत नाहीत, एवढंही ह्याला कुणी शिकवलं नव्हतं.

नवऱ्याची मान कलंडली. सत्तर वर्षांत पहिल्यांदाच द्वारकाबाईंनी तो शब्द उच्चारला, "साप."

लगेच यंत्राचा हात विषावरचं इंजेक्शन घेऊन पुढे आला. पण नाव घेतलं की तो हजर होतो, म्हणून द्वारकाबाई पाय वर घेऊन उंबऱ्याकडे बघत बसल्या.