दारावरची बेल

प्रणोती आतल्या खोलीत पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, असं तिनेच विपुलदादाला कबूल केलं होतं. स्वयंपाकघरात विपुल एकटा चहा करत होता. आज हा चहा नीट झाला तर ती सोमवारी नागपूरला नोकरीवर रुजू होणार होती. नाही झाला तर विजय नगरातल्या या दोन खोल्या होत्याच, दोघांच्या जन्माला पुरणाऱ्या.

लायटर वाजला. पातेलं ठेवल्याचा आवाज आला, मग आलं किसल्याचा. सगळं क्रमाने, अगदी आई करायची तसं. प्रणोतीने मनातल्या मनात नागपूरच्या खोलीला पडदेसुद्धा लावून टाकले.

तेवढ्यात बेल वाजली.

वरच्या मजल्यावरच्या बेबीताई वाटी परत द्यायला आल्या होत्या. "काहून रे विपुल, काय करून राहिला?"

"चहा करून राहिलो, काकू. आज तुमच्या हर्षाचा फिजिक्सचा पेपर ना? मागच्या खेपेला थोडक्यात राहिली होती. तुम्ही दिवाळीत फराळ घेऊन आल्या तेव्हा सांगितलं होतं. हिरवी साडी होती तुमची."

"बाई गं! एवढं तर मलाही नाही आठवत." बेबीताई हसल्या. "याला कोण बीमार म्हणते? अच्छा-खासा तर आहे! प्रणोती उगीच अडकून पडली."

आत प्रणोतीने ओठ चावला. सगळे नातेवाईक हेच म्हणत. विपुलच्या स्किझोफ्रेनियाचं नाव काढलं, की त्याची स्मरणशक्ती पुढे करत. दवाखान्यात इतक्या चाचण्या घेतल्यावर तिथल्या मानसशास्त्रज्ञ क्षमा मॅडमनी मात्र समोर बसवून सांगितलं होतं, "जुनं आठवणं वेगळं आणि हातातलं काम धरून ठेवणं वेगळं. एक शाबूत आहे म्हणून दुसरं आहे, असं समजू नका."

दूध उतू गेल्याचा वास आला. चर्र झालं. ज्योत विझली असावी, कारण पाठोपाठ गॅसचा वास आला. दारात दोघं हर्षाच्या पेपरबद्दल बोलतच होते. प्रणोती बसून राहिली. आता येईल त्याला वास, आता येईल. तो काही येईना. शेवटी तीच धावली, गॅस बंद केला आणि खिडकी सताड उघडली.

बेबीताई गेल्या. विपुल ओट्यापाशी येऊन सांडलेल्या दुधाकडे बघत राहिला. काय झालं ते त्याला पुरतं कळलं होतं. त्याचं ते कळणं बघून तिला रडू आलं.

"बेलमुळे झालं, प्रणू," तो म्हणाला. "बेल वाजली नसती तर झाला असता चहा."

"हो, दादा."

"पुन्हा करतो. तू जा आत."

वास गेल्यावर तिने ओटा पुसून दिला. त्याने उरलेलं दूध गॅसवर ठेवलं. ती पुन्हा पलंगावर जाऊन बसली. आता कोणी येऊ नये, एवढंच मागत बसली. जरा वेळाने डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला. लाइट गेली म्हणावं, तर शेजारचा टीव्ही जोरात चालू होता. ती बाहेर आली.

विपुल दारापाशी स्टुलावर चढला होता. हातात स्क्रूड्रायव्हर. भिंतीवरची बेल त्याने अलगद काढली होती आणि वायरींच्या टोकांना नीट टेपही गुंडाळली होती.

"आधी मेन स्विच बंद केला बरं का," तो म्हणाला. कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा असा फुलला होता. "आता मध्ये कोणी येणार नाही. आता तू जा नागपूरला."

खाली उतरून त्याने बेल तिच्या हातात दिली.

"जपून ठेव. तू येशील तेव्हा पुन्हा लावू."

स्वयंपाकघरात चर्र झालं. विपुल तिच्याकडे बघून हसत होता.

"छान केलंस, दादा," म्हणत ती आत धावली. एका हातात बेल तशीच धरून तिने दुसऱ्या हाताने गॅस बंद केला.