कॅप्टन थॉर्नलींचा मृत्यू

"मी जिवंत आहे," कॅप्टन थॉर्नली लंडनच्या चित्रकाराला म्हणाले. "फ्रेंचांशी झालेल्या लढाईच्या तुमच्या चित्रात मात्र मी डेकवर मरून पडलोय. ते पाहून नौदलाने माझं जहाज दुसऱ्याला दिलं. मला उभं करा."

"मधोमध कुणीतरी मरायलाच हवं होतं, कॅप्टनसाहेब. लोक चित्रापुढे रडतात हो. आता कसं उठवू?"

कॅप्टननी चित्र जवळून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "वारा डावीकडून आहे, म्हणजे जहाज उजवीकडे कलणार. मग मी डावीकडे पडलो कसा? चढावर घरंगळत गेलो?"

"मग तुम्ही कसे पडला असता?"

"असा." कॅप्टन फरशीवर आडवे झाले, डोकं उजवीकडे. चित्रकार भराभर चूक दुरुस्त करू लागला.

तेवढ्यात जहाजांवर नेमणुका करणारे नौदलाचे अधिकारी आत आले. जमिनीवर कॅप्टनना पाहून त्यांनी टोपी काढली, मान खाली घातली.

कॅप्टननी नुसतं उठून सलाम केला असता, तरी जहाज परत मिळालं असतं. पण उजवा हात रंगवायचा अजून बाकी होता. त्यांनी श्वास रोखून धरला.