नारूची गोळी

धुरपताबाई पुरुषांच्या रांगेत उभी राहिली, तशी रांग हसली. लिंबाखाली टेबल मांडलं होतं. जिल्हा नवा झाला तरी डॉक्टरांच्या जीपवर अजून जुन्याच जिल्ह्याचं नाव होतं. गोळी मात्र नवी होती, नारूवरची.

धुरपताबाईच्या घोट्यातून नारूचा जंत निघाला होता, पांढऱ्या दोऱ्यासारखा. तो रोज बोटभर काडीला गुंडाळायचा, ओढायचा नाही. तुटला तर पाय सडतो. ती काडी पायाला बांधून ती बारा दिवस बारवेच्या पायऱ्या उतरत होती. दुष्काळात गावाला पाणी तेवढंच, आणि ते आणायचं बायकांनीच. नारूचा पाय पाण्यात घालू नका, पिलं सुटतात, वाढतात, पिणाऱ्याच्या पोटात जातात, असं डॉक्टर आठ दिवसांपूर्वी सांगून गेले होते. तेव्हापासून ती पाय कोरडा ठेवून, वाकून घागर भरायची. पायाची नुसती आग व्हायची.

"बायकांना नाही," डॉक्टर वर न बघता म्हणाले. "गोळी अजून तपासतोय आम्ही. एखादी पोटुशी निघाली तर?"

"माजा विटाळ जाऊन सा वर्सं झाली, सायेब. पाय लई जळून राहिलाय."

"आधी पुरुषांवर बघू. मग तुमचं."

"मंग म्या मेल्यावर देता का?" तिनं टेबल घट्ट धरलं.

रांगेत पुढे तिचा नवरा होता, ग्यानोबा. नवऱ्याची अब्रू बायकोच्या घोट्याहून नाजूक. त्यानं झिंज्या धरून तिला ओढली. ती टेबल सोडेना, तशी घोट्यावर लाथ घातली. काडी निसटून धुळीत पडली. काडीला हातभर दोरा होता, बाकीचा आतच तुटला. धुरपताबाई गुरासारखी ओरडली. डॉक्टरांनी आधी वही सावरली. राग यायला हवा होता. आला कुणालाच नाही.

"उठ," ग्यानोबा म्हणाला. "गोळी गिळाया पानी आन."

ती उठली. रक्ताचा पाय ओढत बारवेत उतरली. शेवटच्या पायरीवर थांबली, आणि तो पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात सोडला. आठ दिवसांची आग पहिल्यांदा निवली. घोट्यापाशी दुधासारखं काहीतरी उठलं आणि पसरत गेलं. तिथंच तिनं घागर बुडवली.

वर येऊन तिनं ग्यानोबाचा तांब्या भरला, मग रांगेतल्या सगळ्यांचे.

"गार हाय," गोळी गिळून ग्यानोबा म्हणाला.

"प्या की पोटभर," धुरपताबाई म्हणाली. "उद्या बी ह्याच बारवेचं हाय."