तलवाड्याच्या हौदातल्या पट्ट्या

वैष्णवीने हौदातली दोरी अशी हिसकली की पाणी थेट हारिस सरांच्या बुटांवर उडालं. तिला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

दोरीला टांगलेल्या ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या लखलखत होत्या. तलवाड्यातला हा उघडा हौद, बोअरचं खारट पाणी आणि वरून शेताची धूळ. पाच वर्षांत एकीवर डाग नाही की खड्डा नाही.

"बघा आता. डोळे भरून बघा," ती म्हणाली.

अणुभट्टीतलं वापरून झालेलं इंधन वर्षानुवर्षं पाण्याखाली ठेवावं लागतं. ते ज्या मांडणीत उभं करतात, तिच्यासाठी वैष्णवीने हा मिश्रधातू सुचवला होता आणि घाण पाण्यातही तो टिकतो का, हे पाहायला या पट्ट्या इथे टांगल्या होत्या. हारिस सर तिचे वरिष्ठ. धूळ धातूवर बसते आणि तिच्याखाली तो कुरतडला जातो, मग तुमच्याच पट्ट्या कशा शाबूत, असं त्यांनी भर बैठकीत विचारलं होतं. कुणीतरी बदलत असेल, असंही म्हणाले होते. बदलणार कोण? हौदाची राखण करणारी तिची माय, छबुबाई? चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातला प्रकार! तो संशय वैष्णवीला आजही जाळत होता. शेवटी या पट्ट्यांच्या भरवशावर तिचंच म्हणणं मान्य झालं आणि गेल्या महिन्यात पहिली मांडणी इंधनासकट पाण्यात उतरली.

सरांनी पट्ट्यांवरचे कोरलेले आकडे पाच वर्षांपूर्वीच्या नोंदीशी ताडून पाहिले. सगळे तेच होते.

"माझं चुकलं," ते हळूच म्हणाले.

इथे तिने थांबायला हवं होतं. पण एवढ्याने तिचा राग निवणार नव्हता.

"माझी नको, तिची माफी मागा."

तिने हौदाशेजारच्या घरातून मायला हाक मारून बोलावलं. नवरात्र तोंडावर आलं होतं. गोधड्या धुऊन वाळत होत्या, ओसरीवर भांड्यांचा ढीग पडला होता. छबुबाई ओले हात पदराला पुसत आली. सरांनी हात जोडले, मावशी, तुमच्यावर संशय घेतला, म्हणाले.

छबुबाईचं तोंड लाल झालं.

"लई बोललात सायेब. हौदात बॉम्ब शिजतोय म्हणून गावानं माझ्याशी बोलणं टाकलं, तरी म्या कुणाला हितं शिवू दिलं न्हाई. घट बसायच्या आधी आमी घरात येक भांडं पारोसं ठेवत न्हाई, मंग लेकीच्या पट्ट्या पारोशा कशा ठेवीन? दरसाल समद्या काढते, राखेनं घासते, अन् व्हत्या तशा टांगते."